गोळीचे वजन आणि नळीचा पीळ: रिलोडिंग करताना जोडी कशी जुळवावी

रिलोडिंगसाठी, म्हणजे काडतुसे स्वतः भरण्यासाठी, गोळ्या घेताना डब्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वजनाचा असतो, आणि रायफलच्या नळीवर, कोरलेला असलाच तर, पिळाचा. या दोन आकड्यांची थेट सांगड घालून ‘इतक्या पिळाला इतके ग्रेन’ (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) असा हिशेब बहुतेक नेमबाज करतात आणि बहुतेक वेळा तो निभावूनही जातो. मात्र तो का निभावतो हे ठाऊक नसले, तर जिथे तो निभावत नाही तिथे फसगत ठरलेली असते. नळीच्या पिळाला गोळीचे वजन कळत नाही. त्याला कळते ती गोळीची लांबी. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या लेखात ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा, आणि ‘काडतूस’ म्हणजे पितळी केस, पावडर पेटवणारा प्रायमर, पावडर आणि गोळी मिळून झालेली पूर्ण वस्तू. ‘पीळ’ किंवा ट्विस्ट म्हणजे नळीतल्या खाचांच्या मळसूत्रात गोळीला एक पूर्ण फेरा घ्यायला लागणारे अंतर. १:९ म्हणजे नऊ इंचांत एक फेरा, १:१२ म्हणजे बारा इंचांत एक. आकडा जितका लहान तितका पीळ जलद. बारा हा नऊपेक्षा मोठा म्हणून १:१२ चा पीळ जास्त, असा समज करून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांत काही जण या छंदात नवखे नव्हते.

लांबीच का मोजली जाते?

टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मागच्या, जाड भागाकडे असतो, आणि हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू त्याच्या पुढे, टोकाकडे येतो. त्यामुळे उडत्या गोळीचे टोक जरा जरी बाजूला कलले, तरी समोरची हवा ते आणखी कलवून गोळी उलटवू पाहते. फिरणारा भोवरा जसा आरेवर उभा राहतो आणि फेरे मंदावले की डोलू लागतो, तशीच गोळीही स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे सरळ राहते. गोळी जितकी लांब, तितका या दोन बिंदूंमधला तरफेचा हात मोठा, आणि तितके तिला सावरण्यासाठी फिरणे जास्त लागते.

एकाच कॅलिबरमध्ये, म्हणजे एकाच मापाच्या नळीसाठी, व्यास ठरलेला असल्यामुळे वजन वाढवायचे तर लांबी वाढवण्याशिवाय मार्ग नसतो. म्हणून वजन हे लांबीचे कामचलाऊ माप ठरते आणि प्रचलित कोष्टके त्यावरच उभी आहेत. शिसे आणि तांब्याच्या वेष्टनाच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी हे अंदाज ढोबळ मानाने असे आहेत. .२२३ रेमिंग्टन या काडतुसात १:१२ च्या नळीला ५५ ग्रेनपर्यंत, १:९ ला साधारण ६९ ग्रेनपर्यंत, १:८ ला ७७ ग्रेनपर्यंत आणि त्याहून जड गोळ्यांना १:७. .३०८ विंचेस्टरमध्ये १:१२ ला १६८ ते १७५ ग्रेनपर्यंत आणि त्यापुढे १:१०. ६.५ मिलिमीटर क्रीडमूरला १:८ चा पीळ सर्रास असतो आणि तो १४० ग्रेनच्या लांब गोळ्याही सांभाळतो.

हे अंदाज तीन ठिकाणी दगा देतात. पहिले ठिकाण म्हणजे संपूर्ण तांब्याच्या गोळ्या. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर तांब्याची सुमारे ९ पट. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी ठळकपणे लांब होते. दुसरे, निमुळत्या शेपटीच्या आणि लांब नाकाच्या गोळ्या, ज्यांत धातू दूरवर पसरलेला असल्याने वजन तेच राहून लांबी वाढते. तिसरे, प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्या. यात टोक लांबीत मोजले जाते पण त्याचे वजन नगण्य असते, त्यामुळे खालचे सूत्र त्यांच्या बाबतीत थोडे जास्तच कडक उत्तर देते. चूक सुरक्षित बाजूची असल्याने मी ती तशीच राहू देतो.

वजनाला लांबी समजण्याची चूक कारखान्यांनाही महागात पडलेली आहे. १९५५ साली ६ मिलिमीटर व्यासाची दोन काडतुसे बाजारात आली: .२४३ विंचेस्टर १:१० पिळाच्या नळीसह, आणि .२४४ रेमिंग्टन १:१२ सह. दुसऱ्याची आखणी ९० ग्रेनपर्यंतच्या हलक्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून झाली होती, पण हरणासारख्या जनावरासाठी ग्राहकांना १०० ग्रेन हव्या होत्या आणि १:१२ मध्ये त्या लांबीच्या टोकदार गोळ्यांची खात्री नव्हती. पुढे रेमिंग्टनने पीळ १:९ केला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, पण तोवर .२४३ पुढे निघून गेले होते.

नळीचा पीळ स्वतः मोजा

नळीवर आकडा कोरलेला असला तरी एकदा मोजून पाहावे, आणि जुन्या किंवा बदललेल्या नळीच्या बाबतीत तर मोजल्याशिवाय एकही गोळी विकत घेऊ नये. रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून बोल्ट काढून ठेवा, आणि काडतुसे त्या टेबलावर तर नकोतच, शक्यतो त्या खोलीतही नकोत. रायफल स्टँडवर घट्ट बसवा. मूठ बेअरिंगवर मोकळी फिरते अशी क्लीनिंग रॉड घ्या आणि जॅगवर, म्हणजे रॉडच्या टोकाच्या गुटक्यावर, पॅच (कापडाचा तुकडा) इतका घट्ट लावा की रॉड ढकलताना थोडा जोर लागावा. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या, बाजूने रॉड आत घालून पॅच नळीच्या तोंडाच्या दोन इंच अलीकडे आणा. आता रॉडवर, मुठीजवळ, वरच्या बाजूला चिकटपट्टीची छोटी खूण करा, आणि चेंबरच्या मागच्या कडेशी रॉडवर पेनने आडवी रेघ ओढा. रॉड सावकाश मागे ओढा. खूण फिरत फिरत पुन्हा बरोबर वर आली की थांबा आणि त्याच कडेशी दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमधले अंतर म्हणजे तुमचा पीळ. नळी आखूड असेल तर अर्ध्या फेऱ्याचे अंतर मोजून दुप्पट करा.

मी पहिल्यांदा मोजले तेव्हा १:९ कोरलेल्या नळीचे उत्तर साडेदहा आले आणि नळी विकणाऱ्याने फसवले असे वाटून मी दोन दिवस धुमसत होतो. दोष पॅचचा होता. तो सैल असल्याने खाचांवरून घसरत होता, आणि घसरणारा पॅच कमी फिरतो म्हणून पीळ आहे त्यापेक्षा नेहमी मंद दाखवतो, जलद कधीच नाही. म्हणून तीनदा मोजावे, आणि उत्तरांत फरक पडला तर सर्वांत लहान आकडा खऱ्याच्या अधिक जवळचा मानावा.

गोळीची लांबी आणि गणित

व्हर्नियर कॅलिपरने एकाच डब्यातल्या पाच गोळ्या टोकापासून बुडापर्यंत मोजा आणि सरासरी घ्या. पोकळ टोकाच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळ्यांची टोके किंचित वेडीवाकडी असल्यामुळे हजारांश इंचाचा फरक पडेल. त्याची चिंता नको.

सर्वांत जुने सूत्र अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाचे, १८७९ चे. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले की लागणारा पीळ इंचांत मिळतो, आणि वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घेतात. तोंडी हिशेबाला हे सोयीचे आहे, पण ०.२२४ इंच व्यासाच्या आणि ०.९९५ इंच लांबीच्या गोळीसाठी १५० धरले तर उत्तर ७.६ येते आणि १८० धरले तर ९.१. निवड १:८ आणि १:९ यांच्यातच करायची असेल, तर इतक्या मोठ्या फरकाचा उपयोग काय?

म्हणून डॉन मिलर यांचे २००५ चे सूत्र वापरावे, असे माझे मत आहे. ते पीळ सांगण्याऐवजी स्थिरतेचा अंक सांगते. आधी पीळ आणि लांबी या दोन्हींना गोळीच्या व्यासाने भागून घ्यायचे, म्हणजे ती मापे कॅलिबरमध्ये, गोळीच्या व्यासाच्या पटींत, येतात. मग अंशस्थानी ग्रेनमधले वजन गुणिले ३०. छेदस्थानी चार गोष्टींचा गुणाकार: पिळाचा वर्ग, इंचांतल्या व्यासाचा घन, लांबी, आणि लांबीच्या वर्गात एक मिळवून येणारी संख्या.

७७ ग्रेनची, ०.२२४ व्यासाची आणि ०.९९५ इंच लांबीची गोळी १:९ च्या नळीत बसेल का, हे करून पाहू. लांबी ०.९९५ भागिले ०.२२४ म्हणजे ४.४४ कॅलिबर. पीळ ९ भागिले ०.२२४ म्हणजे ४०.१८ कॅलिबर, त्याचा वर्ग १६१४. व्यासाचा घन ०.०११२४. लांबीच्या वर्गात एक मिळवून २०.७. या चौघांचा गुणाकार सुमारे १६७०. अंशात ७७ गुणिले ३० म्हणजे २३१०. भागाकार १.३८.

हा अंक १ च्या खाली असेल तर गोळी उलटणारच. १ ते १.३ मध्ये ती कधी सरळ जाईल, कधी नाही. १.३ ते १.५ मध्ये बहुधा छिद्रे गोल पडतील, पण गोळी किंचित डोलत गेल्यामुळे हवेचा विरोध वाढून तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापण्याच्या क्षमतेचा आकडा, छापील आकड्यापेक्षा कमी पडतो आणि लांब पल्ल्यावर गोळ्या खाली लागतात. १.५ च्या वर निश्चिंत राहावे. म्हणजे आपली ७७ ग्रेनची गोळी १:९ मध्ये काठावर आहे. पिळाचा वर्ग होत असल्यामुळे तीच गोळी १:८ मध्ये १.७५ वर जाते आणि १:७ मध्ये २.३ च्या आसपास. १:१२ मध्ये मात्र ०.७८ वर कोसळते.

आता तांब्याची गोष्ट. .३०८ मध्ये शिशाच्या गाभ्याची १६८ ग्रेनची गोळी १.२१ इंच लांब धरली, तर १:१२ च्या नळीत अंक १.७६ येतो. त्याच वजनाची संपूर्ण तांब्याची गोळी १.३७ इंच भरली, तर त्याच नळीत अंक १.२३. डब्यावर दोन्हींचे वजन एकच छापलेले असते, आणि ‘१६८ ग्रेन माझ्या रायफलला उत्तम चालते’ असे म्हणणारा नेमबाज पहिल्या गोळीच्या गटावरून, म्हणजे कागदावर छिद्रे किती जवळ पडली यावरून, दुसरा डबा उचलतो आणि मग स्कोपला दोष देतो. ही तांब्याची गोळी १:१० च्या नळीत १.७७ वर सुखरूप असते.

थंडी, उंची आणि वेग

वरचे उत्तर समुद्रसपाटीच्या, १५ अंश सेल्सियसच्या हवेतले आणि सेकंदाला २८०० फुटांच्या वेगाचे आहे. हवा थंड झाली की दाट होते आणि दाट हवा गोळीला अधिक जोराने कलवते. दुरुस्तीसाठी सेल्सियस तापमानात २७३ मिळवून २८८ ने भागा आणि त्याने अंकाला गुणा. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीची नळी सुरुवातीला १:१४ पिळाची होती. नेहमीच्या ५५ ग्रेनच्या गोळीची लांबी ०.७४ इंच धरून सेकंदाला ३२०० फूट वेगाने हिशेब केला, तर त्या नळीत अंक जेमतेम १ येतो; उणे ४० अंशाला तो ०.८ होतो. थंड प्रदेशातल्या चाचण्यांत नेमबाजी ढासळल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पीळ १:१२ करण्यात आला. पुढे १९८० च्या दशकात ६२ ग्रेनची गोळी आणि तिच्यापेक्षाही लांब असलेली, वाटेत उजेडाची रेघ सोडणारी ट्रेसर गोळी यांच्यासाठी एम-१६ ए-२ ला १:७ चा पीळ मिळाला. ६२ ग्रेनला एकट्याला १:९ पुरला असता. सातचा आकडा आला तो ट्रेसरच्या लांबीमुळे.

उंचीचा परिणाम उलट आहे. १५०० मीटरवर हवेचा दाब साधारण सहाव्या हिश्शाने कमी असतो, त्यामुळे काठावरची जोडी डोंगरावर छान गट देते आणि हिवाळ्यात सखल भागात आली की बिघडते. आपण ज्या सर्वांत थंड आणि सर्वांत सखल जागी नेमबाजी करणार, त्या जागेचा हिशेब धरावा.

वेगाबद्दल एक गैरसमज इथेच खोडून काढतो. गोळी डळमळते म्हणून पावडर वाढवून वेग वाढवावा, असा सल्ला ऐकू येतो. वेगाचा परिणाम घनमूळाच्या प्रमाणात होतो, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवला तरी अंक जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. पीळ १:९ ऐवजी १:८ असता तर तो सत्तावीस टक्क्यांनी वाढला असता. तीन टक्क्यांसाठी केसमधला दाब धोक्याच्या रेषेपलीकडे नेणे हा निव्वळ वेडेपणा आहे.

पीळ गरजेपेक्षा जलद असेल तर?

हलक्या गोळीला जलद पीळ बाधतो ही भीती बरीचशी अतिरंजित आहे. चांगल्या प्रतीच्या गोळीचा अंक २.५ आला म्हणून ती वाईट उडत नाही. जिचे वेष्टन एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे अशी गोळी मात्र जलद पिळात जास्त बाजूला फेकली जाते आणि गट पसरतो. खरा धोका पातळ वेष्टनाच्या हलक्या गोळ्यांना आहे. सेकंदाला फुटांतल्या वेगाला ७२० ने गुणून पिळाने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. ३२०० फूट वेग आणि १:७ पीळ असेल तर ते ३,२९,००० च्या घरात जातात. अशा फेऱ्यांत लहान जनावरांसाठीची नाजूक गोळी हवेतच फुटू शकते, आणि मग टार्गेटवर छिद्रच पडत नाही, वाटेत राखाडी धुराची रेघ तेवढी दिसते. जलद पिळाच्या नळीत अशा गोळ्या वापरायच्याच असतील तर वेग उतरवा किंवा जाड वेष्टनाची गोळी घ्या.

लोड बांधताना

पीळ जुळला म्हणजे काम झाले नाही. लांब गोळी केसमध्ये जास्त खोल जाते किंवा काडतूस लांब करते. .२२३ च्या काडतुसाची ठरलेली कमाल लांबी २.२६० इंच आहे आणि मॅगझिनही त्याच हिशेबाने बनलेले असते, त्यामुळे ८० ग्रेनच्या बऱ्याच लांब गोळ्या नळीला मानवल्या तरी मॅगझिनमध्ये मावत नाहीत आणि एकेक करून चेंबरमध्ये भराव्या लागतात. हे लक्षात न घेता पाचशे गोळ्या मागवणारा पहिला माणूस मी नव्हतो, एवढेच समाधान.

एका वजनाच्या गोळीचा लोड, म्हणजे तिच्यासाठी ठरवलेले पावडरचे प्रमाण, दुसऱ्या वजनाला कधीही वापरू नका. जड गोळी त्याच पावडरवर दाब वाढवते. तांब्याच्या गोळीला शिशाच्या गोळीचा लोड वापरू नका, वजन तेच असले तरी. गोळी किंवा पावडर बनवणाऱ्याच्या छापील मॅन्युअलमध्ये त्याच गोळीसाठी दिलेल्या किमान लोडपासून सुरुवात करा, प्रत्येक टप्प्यावर केसची बुडे आणि प्रायमर तपासा. रिलोडिंगला तुमच्या देशात कोणता परवाना लागतो, आणि ते करण्याची मुभा आहे का, हे साहित्य घेण्याआधी पाहून घ्या.

टार्गेटवर पडताळणी

नव्या जोडीचे पहिले दहा राउंड मोठ्या, ताणून लावलेल्या कागदावर पंचवीस मीटरवरून झाडा. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, या वेळी मांडू नका, आणि नळीच्या तोंडावर सायलेन्सर किंवा दुसरे काही बसवलेले असेल तर काढून ठेवा. डळमळणारी गोळी आडवी झाली तर सर्वांत आधी याच वस्तूंना लागते. कागदामागे सपाट पुठ्ठा असला की छिद्रांच्या कडा स्वच्छ दिसतात. गोल छिद्र आणि भोवती काळपट कडे म्हणजे सारे ठीक. एका बाजूला किंचित लांबट छिद्र म्हणजे गोळी डोलत आली. गोळीची संपूर्ण आडवी आकृती, जणू किल्लीचे भोक, म्हणजे ती जोडी तिथेच सोडून द्यावी.

मग शंभर मीटरवर तेच करावे. गोळीचा पुढे जाण्याचा वेग तिच्या फिरण्यापेक्षा लवकर घटतो, त्यामुळे नळीतून बाहेर पडतानाचा क्षण तिच्यासाठी सर्वांत कठीण असतो. तिथे सावरलेली गोळी पुढे बहुधा अधिकच सावरत जाते. वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की मात्र काठावरची गोळी पुन्हा डळमळू शकते, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजांनी अंक १.५ च्या वर ठेवण्याचे हे एक कारण आहे.

गणितात अंक १.८ आहे आणि छिद्रे तरी लांबट पडत आहेत, असे झाले तर पिळाला दोष देण्याआधी नळीच्या तोंडाची कड म्हणजे क्राउन तपासा, गोळीचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, आणि ओतीव शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर नळीत साचलेले शिसे साफ करा.

जोडी पसंत पडली की लोडच्या वहीत पावडर आणि वेगासोबत गोळीची मोजलेली लांबी, स्थिरतेचा अंक आणि त्या दिवशीचे तापमानही लिहा. पुढचा डबा दुसऱ्या लॉटचा आला की त्यातल्या पाच गोळ्या पुन्हा कॅलिपरखाली धरा.